गुडघ्याची ढिलाई मोजणारं यंत्र : उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कबड्डी खेळणारी पोरं नेहमीच येतात. गुडघा पिळवटला की पहिली शंका एसीएलची, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या गुडघ्यातल्या अस्थिबंधाची. नडगी पुढे ओढून ढिलाई बघायची लॅकमन टेस्ट हाताने करतेच, पण ‘बरंच ढिलं लागतं’ एवढ्या शेऱ्यावरून सर्जनला काय कळणार? १९८०च्या दशकात अमेरिकेत आलेलं केटी-१००० आर्थ्रोमीटर ही ढिलाई आकड्यात मोजण्याच्याच कामाचं. त्याच तत्त्वावर हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून यंत्र बनवून घेतलं.

नडगीवर वेल्क्रोने बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, एक गादी गुडघ्याच्या वाटीवर, दुसरी तिच्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर. नडगी पुढे ओढली की दोन्ही गाद्यांमधला फरक डायल गेजवर मिलिमीटरमध्ये दिसतो. ओढायच्या मुठीत स्प्रिंगकाटा आहे. त्यावर ६७, ८९ आणि १३४ न्यूटनच्या खुणा करून घेतल्या. १३४ न्यूटन म्हणजे साधारण साडेतेरा किलोची ओढ. दोन गुडघ्यांत ३ मिमी किंवा जास्त फरक आला, तर एसीएल फाटल्याचा संशय बळावतो. एकट्या गुडघ्याचा आकडा फारसा बोलत नाही, कारण काहींचे दोन्ही गुडघे जन्मतःच सैल असतात.

यंत्राचा जीव गेजमध्ये आहे असं वाटेल. माझ्या मते तो मांडीखालच्या लाकडी उशीत आहे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकलेला राहिला पाहिजे आणि पाऊल बाहेर वळता कामा नये. त्यासाठी टाचेला खोबण हवीच. तरी खरा शत्रू मांडीमागचा स्नायू. "मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही?" म्हणत पेशंट मान उचलतो, हॅमस्ट्रिंग ताठ होतो आणि फाटलेला गुडघाही घट्ट असल्यासारखा आकडा येतो. म्हणून आधी चांगला पाय मोजते. दुखणार नाही हे त्याला पटलं, की मगच दुखऱ्या पायाला हात लावते.

मे महिन्यात घामाने पट्ट्या घसरायच्या, गेजचा शून्य सरकायचा. पट्टीखाली क्रेप बँडेजचा वेढा दिल्यापासून ती कटकट गेली. स्प्रिंग हळूहळू नरम पडते, त्यामुळे अधूनमधून १० किलोचं वजन टांगून काटा तपासावाच लागतो. वाटीवरची गादी मात्र हातानेच दाबून धरावी लागते. लेथवाल्याने तिथे काहीच सोय दिली नाही, आणि दिवसअखेर मनगट बोलायला लागतं.

एक धोका लक्षात ठेवा. पीसीएल, म्हणजे नडगीला मागे सरकू न देणारा अस्थिबंध, फाटलेला असेल तर नडगी आधीच मागे सरकलेली असते. तिथून शून्य धरला की सगळी ढिलाई पुढची वाटते आणि निदान चुकतं. त्यामुळे बाजूने बघून नडगी खचलेली नाही ना, हे तपासल्याशिवाय पट्टी बांधूच नये.

मेनिस्कसबद्दल, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या चकतीबद्दल, हे यंत्र काहीही सांगत नाही, तिथे एमआरआयच लागतो. एसीएलच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटसाठी मात्र मला ते फार मोलाचं वाटतं. ग्राफ्ट, म्हणजे नव्याने बसवलेला अस्थिबंध, ताणला जातोय का, हे महिन्यामहिन्याच्या आकड्यांवरून कळतं; अट एकच, दर वेळी मोजणारा हात तोच हवा.