फोटोवर खरा अभिप्राय हवा असेल तर व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो का? गूगल फोटोज आणि लाइटरूमसह परीक्षण

हौशी फोटोग्राफरांचे दहा-पंधरा जणांचे व्हॉट्सॲप ग्रुप आता ठिकठिकाणी आहेत. रविवारी फोटो पडतात, खाली 'कडक', 'क्लास सर', 'अप्रतिम' आणि अंगठ्यांची रांग लागते. पुढच्या वेळी काय बदलायचं, हे मात्र फोटो टाकणाऱ्याला कळत नाही. यात लोकांच्या भिडेचा भाग आहेच, पण फोटो ज्या ॲपमध्ये बघितला जातो ते काय दाखवतं आणि काय गाळतं, यावरही बरंच ठरतं. म्हणून इथे तीन सेवा एकाच कसोटीवर तपासल्या आहेत: फोटोतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून, कॅमेऱ्याच्या सेटिंगसकट बोलता येतं का?

आधी व्हॉट्सॲप, कारण बहुतेकांची चर्चा तिथेच होते. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १,६०० ते २,००० पिक्सेलवर येते; आकडा फोन आणि आवृत्तीप्रमाणे थोडा बदलतो. २४ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ६,००० × ४,००० असतो. म्हणजे मूळच्या नऊ ते चौदा पिक्सेलांच्या जागी समोरच्याला एक दिसतो. रचना, उजेड, क्षण यांवर बोलायला एवढं पुरतं. शार्पनेसवर बोलायला अजिबात पुरत नाही. फोकस चुकला असेल तर फोटोत दुसरं काहीतरी, मागची फांदी किंवा पुढचं गवत, धारदार असतं. कॅमेरा हलला असेल तर सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो. विषयच हलला असेल तर स्थिर भाग नीट असतो आणि फक्त पंख किंवा हात पुसट होतात. तिन्हींचे उपाय वेगळे, पण लहान केलेल्या फोटोत तिन्ही 'थोडं सॉफ्ट वाटतंय' एवढ्यावर येऊन थांबतात. अशा अभिप्रायाचा काही उपयोग नाही.

एचडी पर्याय निवडला की फरक पडतो, तोही अर्धाच. सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटाखाली मीडिया अपलोड क्वालिटी कायमची एचडी करून ठेवता येते, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी ती करून ठेवावी. तरी फोटो दाबला जातोच आणि त्याची एक्झिफ माहिती, म्हणजे शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला), फोकल लेंग्थ (लेन्स दूरचं किती जवळ आणते), सोबत जात नाही. मूळ फाइल पाठवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी लागते. तिथे मर्यादा २ जीबीची आहे, त्यामुळे जेपीईजी जशीच्या तशी जाते. अडचण बघणाऱ्याची होते: फाइल उघडायला वेगळं टॅप करावं लागतं, बारा-पंधरा एमबी उतरवावे लागतात आणि निम्मे लोक तो टॅप करत नाहीत.

यावर सगळ्यात चांगला तोडगा शंभर टक्के क्रॉपचा आहे, आणि तो फार कमी ग्रुपमध्ये दिसतो. पूर्ण फोटो नेहमीसारखा टाकायचा. त्याच्याच खाली, ज्या भागाबद्दल विचारायचं आहे तिथला १,२०० × १,२०० पिक्सेलचा तुकडा मूळ फाइलमधून कापून टाकायचा, आकार न बदलता. हा तुकडा मर्यादेपेक्षा लहान असल्यामुळे त्याचे पिक्सेल कमी होत नाहीत. थोडा जेपीईजी दाब बसतो, पण डोळ्यावर फोकस आहे की मानेच्या पिसांवर, हे स्पष्ट कळतं. एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांची व्याप्ती, एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबीतला फोटो अनेक फोनवर फिका दिसतो आणि मग 'सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवा' असा चुकीचा सल्ला मिळतो.

सेटिंग्ज सोबत जात नसल्यामुळे त्या ओळीत लिहाव्या लागतात. ही सक्ती खरं तर फायद्याची आहे, कारण त्याबरोबर प्रश्नही लिहिला जातो. चांगली ओळ अशी असते: 'रोहित, उजनी बॅकवॉटर, भिगवण. ४०० मिमी, १/५०० सेकंद, एफ ६.३, आयएसओ ४००. पंख गोठवायचे होते. कुठे कमी पडलं? मागची मोकळी जागा जास्त वाटते का?' त्यावर उपयोगी उत्तर असं येतं: 'डोळा आणि चोच धारदार आहेत, दोन्ही पंखांची टोकं पुसट. म्हणजे फोकस बरोबर, शटर कमी पडलं. त्याच उजेडात आयएसओ १,६०० घेतला असता तर १/२,००० मिळालं असतं. पक्षी डावीकडे उडतोय, तेव्हा उजवीकडून थोडं कापा, समोरच्या जागेला हात लावू नका.' या उत्तरात काय दिसतं, ते का झालं आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे तिन्ही आलं. 'सर, मस्त' लिहायला दोन सेकंद लागतात, याला दोन मिनिटं. पण शिकायला मिळतं ते याच दोन मिनिटांतून.

जागा दाखवायची तर शब्दांवर विसंबू नका. 'डाव्या कोपऱ्यात काहीतरी खटकतंय' यापेक्षा स्क्रीनशॉट काढून मार्कअपने लाल वर्तुळ करा आणि मूळ फोटोला रिप्लाय म्हणून टाका. रिप्लाय न करता लिहिलेला अभिप्राय चार फोटोंनंतर कोणाचा ते कळत नाही. कडक शब्द असतील तर व्हॉइस नोट बरी. आवाजात जी आपुलकी येते ती टाइप केलेल्या ओळीत येत नाही. लिहिलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, ती सोयही वापरावी.

आता भिडेचं. आपल्याकडे ग्रुपमध्ये दोन-तीन 'सर' असतात आणि त्यांच्या फोटोवर नवा माणूस बोलत नाही. उपाय साधा आहे. फोटो आधी ॲडमिनकडे पाठवायचे. ॲडमिनने 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावून पाच फोटो एक ते पाच क्रमांक देऊन, नावाशिवाय टाकायचे आणि मग ग्रुप खुला करायचा. नावं दोन दिवसांनी सांगायची. तोवर फोटो कोणाचा आहे त्याने गप्प राहायचं. 'त्या दिवशी उजेडच नव्हता', 'पुढे कुंपण होतं' असं स्पष्टीकरण सुरू झालं की बाकीचे बोलायचं थांबतात. हा नियम पिन करून ठेवा. पिन जास्तीत जास्त तीस दिवस राहते, मग पुन्हा करावी लागते.

बघणाऱ्यांचा फोनही तपासायला हवा. अमोलेड पडद्यावर 'व्हिव्हिड' मोड चालू असेल तर रंग भडक दिसतात, 'नॅचरल' करा. रात्रीचा पिवळसर फिल्टर चालू ठेवून 'व्हाइट बॅलन्स वॉर्म झालाय', म्हणजे फोटो पिवळा पडलाय, म्हणणारे बरेच असतात. ब्राइटनेस ऑटोवर असेल तर अंधाऱ्या खोलीत आणि गच्चीवरच्या उन्हात तोच फोटो दोन वेगळे दिसतात. एक्स्पोजरबद्दल शंका असेल तर टाकणाऱ्याने हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या काळ्या ते पांढऱ्या छटांच्या आलेखाचा, स्क्रीनशॉट जोडावा. हायलाइट उडालेत की नाहीत, म्हणजे उजळ भाग नुसते पांढरे झालेत का, हा वाद तिथेच मिटतो.

व्हॉट्सॲपची न भरून निघणारी उणीव म्हणजे साठवण. सहा महिन्यांपूर्वी एखाद्या फोटोवर काय बोलणं झालं ते शोधणं जिकिरीचं आहे, आणि प्रगती तर जुनं-नवं शेजारी ठेवल्यावरच दिसते. गुण: आहे तसं वापरलं तर १० पैकी ४, वरच्या शिस्तीने वापरलं तर ७.

गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम ही उणीव भरून काढतो. टिप्पणी थेट त्या फोटोला चिकटते, वर सरकवलं की सेटिंग्ज दिसतात, झूमही बऱ्यापैकी होतो. अपलोड 'ओरिजिनल क्वालिटी'त ठेवा. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो. फुकटच्या १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही मोजले जातात, त्यामुळे महिन्याला माणशी चार-पाच निवडक फोटो ठीक, सगळं कार्ड रिकामं करू नये. खूण करायची सोय नाही आणि चर्चेला गप्पांची ऊब येत नाही. गुण ७.

लाइटरूम, म्हणजे ॲडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, त्यांच्यासाठी, जे एडिटिंग शिकतायत. त्याच्या संगणकावरच्या 'क्लासिक' आवृत्तीतून सिंक केलेल्या कलेक्शनची (निवडक फोटोंच्या संचाची) लिंक देता येते. तिथे मूळ फाइलऐवजी लांब बाजू २,५६० पिक्सेल असलेल्या लहान प्रती, स्मार्ट प्रीव्ह्यू, जातात, म्हणजे बारीक शार्पनेस इथेही तपासता येत नाही. खरी किंमत आहे ती रीमिक्सची: फोटो लाइटरूमच्या कम्युनिटीत, म्हणजे वापरणाऱ्यांच्या सार्वजनिक मंचावर, टाकताना परवानगी दिली की दुसरा माणूस तोच फोटो स्वतःच्या पद्धतीने एडिट करून दाखवतो आणि मूळ फोटो तसाच राहतो. 'शॅडो (गडद भाग) थोडे उचला' हे वाचण्यापेक्षा ते किती उचलले हे बघणं कितीतरी अधिक शिकवतं. मात्र लिंकवर टिप्पणी करायला प्रत्येकाला ॲडोबीचं खातं उघडावं लागतं, ते मोफत असलं तरी अनेक जण तिथेच मागे फिरतात. टाकणाऱ्याला वर्गणी आहेच. गुण ६, एडिटिंगपुरते ८.

पक्ष्यांचे आणि वन्यजीवांचे फोटो टाकणाऱ्या ग्रुपसाठी एक गोष्ट तिन्ही सेवांना लागू आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये जीपीएस लोकेशन तसंच जाऊ शकतं, आणि शेअर्ड अल्बममध्ये ते दाखवायचा पर्याय चालू राहू शकतो. घरटं किंवा बिळाची जागा अशीच बाहेर जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथे माणसं पोचतात. फोनने काढलेल्या फोटोचं लोकेशन पाठवण्याआधी काढा, अल्बमच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि अल्बमची लिंक कोणालाही उघडता येते म्हणून सगळे सामील झाले की लिंक शेअरिंगही बंद करा. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो असेल तर त्याच्या फोकसवर चर्चाच नको, तो ग्रुपमध्ये घेऊच नये.