पायसीरियल: वापरायला सोपी, पण टाइमआउट स्वतःच ठरवा

सीरियल पोर्टला (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीला) जोडलेल्या उपकरणाशी पायथनमधून संवाद साधायचा असेल, तर बहुतेकांची पहिली निवड पायसीरियल ही लायब्ररी असते आणि माझ्या मते ती योग्यच आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर तोच प्रोग्रॅम चालतो, फक्त पोर्टचे नाव तेवढे बदलावे लागते. इन्स्टॉल करताना मात्र पॅकेजचे नाव 'पायसीरियल' असते आणि इम्पोर्ट करताना नुसते 'सीरियल'. या दुसऱ्या नावाचे भलतेच पॅकेज उपलब्ध असल्यामुळे नवख्यांची गफलत होऊ शकते.

आपण काहीच सांगितले नाही, तर लायब्ररी ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट इतका वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही आणि १ स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) असे गृहीत धरते. या गोष्टी रास्त आहेत. टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची कमाल मुदत, मात्र मुळात दिलेलाच नसतो, त्यामुळे समोरचे उपकरण गप्प राहिले की वाचनाचे फंक्शन ताटकळत बसते आणि प्रोग्रॅम कुठे अडकला याचा पत्ता लागत नाही. ही रचना मला पटत नाही.

टाइमआउट दिला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. 'रीडलाइन' ही एक ओळ वाचणारी आज्ञा ठरलेल्या वेळेत ओळ पूर्ण झाली नाही तरी तक्रार करत नाही. तोवर हाती आलेला तुकडा ती निमूटपणे परत करते. तापमापकाने '२४.६' पाठवले आणि वेळ नेमकी टिंबापाशी संपली, तर आपल्याला '२४.' मिळते, पायथन त्याचे बिनदिक्कत २४.० करते आणि पुढच्या वाचनात उरलेला '६' हे स्वतंत्र तापमान म्हणून नोंदवले जाते. कुठेही एरर येत नाही, ही यातली खरी मेख. म्हणून मिळालेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) आहे का, हे तपासल्याशिवाय तिचा आकडा करू नये. ओळीच्या शेवटी न्यूलाइनऐवजी केवळ कॅरेज रिटर्न ही वेगळी खूण पाठवणाऱ्या उपकरणांसाठी, आपण सांगू त्या खुणेपर्यंत वाचणारे 'रीड अंटिल' वापरावे.

आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. पोर्ट उघडताच डीटीआर (संगणक तयार असल्याचे कळवणारी) रेषा सक्रिय होते, बोर्ड रीसेट होतो आणि बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) चालू असताना धाडलेली पहिली आज्ञा वाया जाते. पोर्ट उघडण्याआधी डीटीआर बंद ठेवण्याची सोय लायब्ररीत आहे, परंतु काही ड्रायव्हर ती रेषा स्वतःहूनच हलवतात. तेव्हा दोन सेकंद थांबून इनपुट बफर (आलेला पण अजून न वाचलेला डेटा) रिकामा करणे अधिक भरवशाचे. डेबियन किंवा उबुंटूवर परवानगी नाकारली गेली, तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. त्यात लायब्ररीचा दोष नाही.

पायथन संथ आहे, हा आक्षेप इथे सहसा गैरलागू ठरतो. ९६०० बॉडला स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटमागे १० बिट खर्च होतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट. एवढ्या वेगाला पायथन सहज पुरून उरते.

सोबत मिळणारा मिनीटर्म हा छोटा टर्मिनल प्रोग्रॅम उपकरण नेमके काय पाठवते हे पाहायला उत्तम आहे. पोर्टच्या जागी 'लूप' हा पत्ता दिला की लिहिलेलेच परत वाचता येते, त्यामुळे उपकरण हाताशी नसतानाही अर्धवट ओळीची वरची चाचणी घेता येते. केवळ एवढ्या सोयीसाठीही मी ही लायब्ररी निवडेन.