व्हिएन्नात ऑपेरेटा: कुरसालोन की फोल्क्सओपर?

ऑपेरेटा म्हणजे गाणी, संवाद आणि नाच असलेलं हलकंफुलकं संगीत नाटक. हातात एकच संध्याकाळ असली की ते कुठे पाहावं हा पेच पडतोच. श्टाटपार्क या बागेतलं कुरसालोन हे मैफलींचं सभागृह १८६७चं. छोटा वाद्यवृंद, मोजके गायक, नर्तकांची जोडी; पुढे बसलात तर गायिकेने घेतलेला श्वासही ऐकू येतो. पण मिळतात ती सुटी गाणी. नाट्यपदांची मैफल म्हणा ना, नाटक नव्हे!

फोल्क्सओपर हे नाट्यगृह १८९८चं, हजारावर खुर्च्यांचं. योहान श्ट्राउसचं ‘डी फ्लेडरमाउस’ हे ऑपेरेटा लागलं असेल तर तिन्ही अंक, वेषांतरं आणि फजितीसकट. जर्मन येत नसेल तर विनोदासाठी मान वर करून रंगमंचाच्या वर झळकणाऱ्या इंग्रजी ओळी वाचायच्या. खिशाला मात्र हेच परवडतं, वरच्या मजल्यावर बसायची तयारी हवी. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी.

उन्हाळ्यात जाताय किंवा बरोबर लहान मुलं आहेत? कुरसालोन. गोष्ट हवी असणाऱ्यांनी फोल्क्सओपरच गाठावं.