लिनक्सवर डोंगल: नेटवर्क मॅनेजर की डब्ल्यूव्हीडायल?

सिमकार्डावर इंटरनेट देणारा यूएसबी डोंगल लावला की आधी तो सीडी म्हणूनच दिसतो, कारण त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. त्याला मोडेम बनवायचं काम यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्रॅम करतो. मग नेट जोडायला दोन मार्ग: मेनूतून चालणारा नेटवर्क मॅनेजर किंवा टर्मिनलमधून चालणारा डब्ल्यूव्हीडायल. दोन्ही मार्गांनी गेलात तरी हे हवंच.

नेटवर्क मॅनेजर सोपा. 'मोबाइल ब्रॉडबँड' उघडा, देश, कंपनी, प्लॅन निवडा. एपीएन (कंपनीच्या नेटवर्कचं प्रवेशनाव) आपोआप भरला जातो. घरच्यांना मी हाच लावून देतो. पण जोडणी फसली तर का फसली, ते स्क्रीनवर कळत नाही.

डब्ल्यूव्हीडायलची फाइल हातानं लिहावी लागते: पोर्ट (बहुधा टीटीवाययूएसबी०), नंबर *९९#, एपीएन. युजरनेम-पासवर्ड रिकामे सोडले तर तो अडतो. बऱ्याच कंपन्यांना तिथे काहीही लिहिलेलं चालतं. त्या बदल्यात मोडेमचं प्रत्येक उत्तर टर्मिनलवर समोर येतं. गावी 'नो कॅरिअर' (म्हणजे जोडणी झाली नाही) दिसलं, एक्स्टेंशन केबल लावून डोंगल खिडकीच्या गजाला बांधला, तेव्हा कुठे 'कनेक्ट' आलं. नाहीतर तासभर सेटिंगच बदलत बसलो असतो.

फक्त डब्ल्यूव्हीडायल वापरताना मोडेम मॅनेजर (नेटवर्क मॅनेजरसाठी मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) आधी बंद करा, नाहीतर पोर्ट तोच अडवून बसतो.