स्विमिंग पूलची मोटर: रिवाइंडिंग की नवी?

पूलचं पाणी फिल्टरमधून फिरवणाऱ्या पंपाची मोटर नुसती घुं घुं करते, फिरत नाही? मग आधी इलेक्ट्रिशियनकडून कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) बदलून बघा, कदाचित तेवढ्यावरच भागेल. कॉइल खरंच जळली असेल तर पुढचा प्रश्न: तीच नव्या तारेने भरून घ्यायची, म्हणजे रिवाइंडिंग, की मोटरच नवी घ्यायची?

रिवाइंडिंग स्वस्त पडतं, पाइपजोडणीलाही हात लावावा लागत नाही. तार तांब्याचीच भरतायत ना, हे मात्र समोर उभं राहून बघावं. आम्ही कॉइल भरून आणली, पण चिक्कूपणा करून सील, म्हणजे पंपातलं पाणी शाफ्टवरून मोटरकडे येऊ न देणारी कडी, जुनंच ठेवलं. दीड महिन्यात शाफ्टपाशी थेंब थेंब गळती, पाणी बेअरिंगमध्ये, आणि मग पिठाच्या गिरणीसारखी घरघर. मोटर उघडलीच आहे तर हे मेकॅनिकल सील आणि दोन्ही बेअरिंग बदलूनच घ्यावीत.

नवी घ्यायची तर व्हेरिएबल स्पीडचीच, म्हणजे वेग कमीजास्त करता येणारी. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, वीज मात्र साधारण आठवा हिस्साच लागते. फिल्टर जास्त वेळ चालवावा लागतो, तरी बिल उतरतं. किंमत झोंबते, हे खरं. शिवाय पावसाळ्यात ड्राइव्हचं, म्हणजे वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड भिजलं की नाक्यावरचा वाइंडिंगवाला हात टेकतो.

पूल बारा महिने चालत असेल तर नवी परवडते. आमचा भरतो फक्त उन्हाळ्यात, म्हणून आम्ही पुन्हा रिवाइंडच केली. या खेपेला सीलसकट.