साठ हजारांचा गेमिंग पीसी की सव्वा लाखाचा?

आधी मॉनिटर बघा, मग बजेट. १०८०पी (पडद्यावर १९२०×१०८० ठिपके), ६० हर्ट्‌झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) मॉनिटर बदलायचा नसेल, तर सव्वा लाखातली बरीच ताकद पडद्यावर दिसणारच नाही.

ग्राफिक्स कार्ड: साठ हजारांत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६०च्या तोडीचं, ८ जीबी मेमरीचं. १०८०पीला पुरतं. नव्या गेममध्ये टेक्श्चर (दृश्यातल्या पृष्ठभागांची बारकाई) ‘अल्ट्रा’वर नेलं की कार्डाची मेमरी भरते आणि गेम अडखळतो, टेक्श्चर एक पायरी उतरवा, बहुतेकदा भागतं. सव्वा लाखात १२ किंवा १६ जीबी, म्हणजे १४४०पी (१०८०पीपेक्षा बारीक चित्र) निवांत.

पुढची वाट: स्वस्तात एएम४ मदरबोर्ड (एएमडी प्रोसेसरचा जुना सॉकेट) आणि डीडीआर४ ही जुन्या पिढीची रॅम येते. आज झकास, पण नव्या पिढीचा प्रोसेसर हवा झाला की बोर्ड आणि रॅमही बदला. एएम५ या नव्या सॉकेटमध्ये नुसता प्रोसेसर बदलता येतो.

वीज: ४०६० कार्डाला ११५ वॅट, त्याहून ताकदीच्या ४०७० सुपरला २२०.

काटकसर दिव्यांच्या पंख्यांत करा, पॉवर सप्लायमध्ये नको. कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा सप्लाय जाताना कार्डही नेऊ शकतो. रॅमही १६ जीबीची एक काडी नको, ८च्या दोन घ्या.

व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असे हलके गेम आणि अभ्यास: साठ हजार. १४४०पी मॉनिटर घेणार, मोठे गेम चार-पाच वर्षं खेळणार: सव्वा लाख.