चंदनाच्या बियांसाठी जीए घेतलं: बाटली नको, पुडी घ्या

सांगलीत कुठल्याबी कृषी सेवा केंद्रात जाऊन जीए (जिबरेलिक ॲसिड, झाडाच्या वाढीचं संप्रेरक) मागा, दुकानदार आधी विचारणार, बाग किती एकर? कारण तासगाव-पलूस भागात हे औषध द्राक्षाचे घड बुडवायलाच जातं, डिपिंगला. माझी बाग नाही, घरामागं छोटी नर्सरी आहे आणि मला चंदनाच्या बिया रुजवायच्या होत्या. बियांसाठी म्हटल्यावर त्या माणसानं एक बाटली हातात दिली, म्हणाला घ्या ओ, सेमच असतंय.

सेम नसतंय. बाटलीवर बारीक अक्षरात 0.001 टक्के लिहिलेलं, म्हणजे 10 पीपीएम (लिटरमागं 10 मिलीग्रॅम). चंदनाच्या बिया 500 पीपीएमच्या पाण्यात रात्रभर भिजवतात. म्हणजे बाटलीतलं औषध पाणी न घालता तसंच ओतलं तरी पन्नास पट कमीच! ती बाटली पिकावर फवारायला आहे, त्या कामाला ती बरोबर असेल, पण माझा एक आख्खा लॉट त्यात गेला, दीड महिना वाफ्याला पाणी घालत बसलो आणि वर आलं फक्त गवत. परत घेऊन गेलो तर सील फोडलंय म्हणून दुकानदारानं हात वर केले. याचा राग अजून आहे कारण शेतकरी दुकानदाराच्या शब्दावरच औषध घेतो.

मग दुसऱ्या दुकानातनं 1 ग्रॅमची पुडी आणली, 90 टक्के टेक्निकल. ही पावडर पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात सोडायची. 1 ग्रॅममध्ये खरं जीए 900 मिलीग्रॅम, म्हणून पाणी 1800 मिली घेतलं, की झालं 500 पीपीएम. आमच्या बोरचं पाणी जड आहे, खाऱ्या-चुनखडीच्या पाण्यात जीए टिकत नाही, म्हणून बागायतदार पीएच उतरवून घेतात तसं मीपण थोडं सायट्रिक ॲसिड टाकलं. रात्रभर भिजवून सकाळी पेरल्या, शेजारच्या वाफ्यात त्याच लॉटच्या बिया नुसत्या पाण्यात भिजवून. महिन्याभरानं जीएच्या वाफ्यात निम्म्याहून जास्त बिया फुटल्या होत्या, शेजारी कुठंतरी एखाददुसरी. गुडघ्यावर बसून बघत राहिलो मी.

असं का होतं हे मुलीनं समजावलं, ती बॉटनी करते. बी तयार होताना त्यात ॲब्सिसिक ॲसिड साठतं, ते बीला झोपवून ठेवतं, नाहीतर बी फळातच फुटलं असतं. आपल्याकडं उपट्या भुईमुगाच्या शेंगा काढायच्या वेळेला पाऊस आला की रानातच कोंब येतात ना, त्या वाणांच्या दाण्यात ही झोप जवळजवळ नसतेच. जिबरेलिन, म्हणजे आपलं जीए, उलटं काम करतं, झोप मोडतं आणि साठवलेल्या स्टार्चची साखर करायला लावतं. म्हणजे या दोघांची ओढाताण, ज्याचं पारडं जड त्याप्रमाणं बी ठरवतं. पण मेलेलं बी याच्यानं जिवंत होत नाही, जुनं बियाणं आणून जीएला नावं ठेवू नका.

पुढं तिनं जे सांगितलं ते मला लई आवडलं. महाबळेश्वरला पावसाळ्यात नेचे दिसतात, त्यांना बी नसतं, पानामागं बीजाणूंची तपकिरी भुकटी असते. त्या बीजाणूंना उगवायला उजेड लागतो, पण काही नेच्यांत आधी उगवलेली रोपटी जिबरेलिनच्याच कुळातलं द्रव्य सोडतात आणि त्यानं शेजारचे बीजाणू अंधारातपण उगवतात! भिंतीवरच्या मॉसला (हिरव्या मखमलीसारखी बारकी वनस्पती) मात्र आपलं पुडीतलं जीए ओळखताच येत नाही, ते पकडणारं प्रथिनच त्याच्यात नाही, तिथं जिबरेलिन तयार व्हायच्या आधीच्या टप्प्यातलं कच्चं द्रव्य बीजाणूंना उठवतं. ॲब्सिसिक ॲसिड मात्र मॉसमध्येपण आहे आणि तिथंपण उगवणीला आडवंच येतं. म्हणजे थांबवणारी खूण जुनी, उठवणारी नंतर बदलत गेली.

तोटा एकच, डोस वाढवला की रोपं नुसती उंच, पिवळट आणि लुळी होतात. याचा शोधच तसा लागला, जपानमध्ये भाताची रोपं अशी उंच वाढून कोलमडायची, शेतकरी त्याला खुळी रोपं म्हणायचे, 1926 मध्ये एईची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळं हे होतं. तेव्हा चमच्यानं अंदाजे टाकू नका.

पुडीला 5 पैकी साडेचार. अर्धा कमी कारण पुडीवर सगळं द्राक्षाचंच लिहिलंय, बियांसाठी किती ते कुठंच नाही. घेताना टक्केवारी आणि एक्स्पायरी दोन्ही वाचा, आणि भिजवायचं पाणी त्याच दिवशी बनवा. चंदनाची रोपं पिशवीत घेतली की सोबत तूर लावा, त्याला दुसऱ्याच्या मुळाचा आधार लागतो, माझ्या पिशव्यांत तूर आता वीतभर झालीय.